आजोबांच्या रेडिओचं बटण

३ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? इथे ऑफिसात माझी फजिती झाली. रेडिओच्या ॲपसाठी मी तयार बटण न घेता आजोबांच्या रेडिओचं गोल बटण हुबेहूब रेखाटलं, उडालेल्या टवक्यासकट. फिरवलं की केंद्र बदलतं. सगळ्यांनी वाहवा केली. मग तपासायला एक ताई आल्या. त्यांना दिसत नाही. बोटाखाली येईल ते फोन बोलून दाखवतो. माझ्या बटणापाशी फोन गप्प, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र. ताई म्हणाल्या, इथे काहीच नाहीये. मी घाईने फोनला सांगायला लावलं, जुन्या रेडिओचं सुंदर तपकिरी बटण. त्या हसल्याच. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर माझं बटण काढून साधं बसवणार.

तुझी,
भिंगरी

७ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

लिहिते आहे तुझी काकू, मला अक्षर कुठलं? मधेच गालात हसते, तेही लिही म्हटलं. गुडघा जागेवर आहे, मीच हलत नाही.

तुझ्या आजोबांची आठवण ठेवलीस, बरं वाटलं. पण बाई, शेवटची नऊ वर्षं त्यांना दिसत नव्हतं. तुझं बटण त्यांनाच सापडलं नसतं.

दृष्टी गेली तेव्हा मीही असंच पाल्हाळ लावायची. दाराचा रंग काय, कडी कुणी बसवली. ते वैतागून म्हणाले, काय आहे, उघडं का बंद, ढकलू का ओढू, एवढंच बोल. मग मी तेवढंच बोलायला शिकले. दार, बंद, ओढा. एकदा स्टूल हलवलं आणि सांगायचं राहिलं. नडगी त्यांची फुटली, बोलणी मी खाल्ली. काही बदललं की तिथल्या तिथे सांगावं लागतं. तुझ्या फोनला एवढं शिकवता येतं का बघ.

पत्राची वाट बघायला लावू नकोस.

आजी

१२ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं. बोट टेकलं की फोन सांगतो, केंद्र निवडायचं बटण, आता जुनी गाणी, बदलायला बोट वर-खाली सरकवा. केंद्र बदललं की लगेच नवं नाव. ताई न अडखळता सगळी केंद्रं फिरून आल्या. माझंच बटण राहणार. निघताना त्यांनी विचारलं, हे दिसतं कसं? तेव्हा मात्र मी पोटभर पाल्हाळ लावलं.

तुझी,
भिंगरी

१६ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ताईंनी विचारलं ते काकूकडून दोनदा वाचून घेतलं. तुझ्या आजोबांनीही एकदा विचारलं होतं, तू आता दिसतेस कशी? तोवर माझे पुढचे दोन दात गेले होते आणि डोक्याचा कापूस झाला होता. मी बेधडक सांगितलं, लग्नात होते तशीच. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून सावकाश हात फिरवला. सुरकुत्या बोटांना लागल्याच असणार. म्हणाले, बरोबर आहे.

काकूने मधेच पेन खाली ठेवलं होतं, तेव्हा पुरे. लोभ आहेच, तो घेऊन जायला ये.

आजी