खिडकीखालचा दिवा

४ नोव्हेंबर
मामाने बागेत दिवे लावायचं नवं काम घेतलंय, मदतीला मी — आणि बंगला नेमका तिचाच! आमच्या दोघांचं मामाला सांगितलं असतं तर त्याने मला घरी बसवलं असतं. गप्प बसलो. तिचे वडील माझ्या नावाने बोटं मोडतात, पण चेहरा कधी पाहिलेला नाही. कॉलेजात प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून निघून आलेला तो कार्टा त्यांच्याच बागेत चर खणतोय!

५ नोव्हेंबर
नळापाशी ती भेटली. फोन काढून घेतलाय. स्थळ आलंय. म्हणाली, "रोज दिवेलागणीला समोर समुद्राच्या बंधाऱ्यावर उभा राहा. खिडकीतून तू दिसलास की मला घरात नाही म्हणायचा धीर येईल."
"मेलो तरी येईन!"
"मेल्यावर काय उपयोग?" — हसली!

७ नोव्हेंबर
काम संपलं. सगळे पितळी दिवे. खाऱ्या हवेत दुसरं काही टिकत नाही म्हणतो मामा. एक मी माझ्या मनाने लावला — तिच्या खिडकीखाली, झाडाच्या बुंध्याशी, तोंड वर. बंधाऱ्यावरून ती नीट दिसावी म्हणून.
मामा म्हणाला, "सगळ्या खोल्यांत जाऊन आतून बघितलंस ना? बाहेरून सगळेच दिवे छान दिसतात."
हो म्हणालो. तिच्या खोलीत कोणत्या तोंडाने जाणार होतो?

८ नोव्हेंबर
दिसली! अख्खी खिडकी उजळली होती. मी दोन्ही हात हलवले. ती कपाळावर हात आडवा धरून उभी राहिली. मग पडदा ओढला.

९ नोव्हेंबर
पडदा.

१० नोव्हेंबर
लाल शर्ट घालून गेलो. पडदा!

१२ नोव्हेंबर
आज दगड उचलला होता. काचेवर मारणार होतो. समुद्रात भिरकावला. समुद्राला काय फरक पडतो! तिलाही पडत नाही. स्वतःच बोलवायचं आणि तोंडावर पडदा ओढायचा!
आई विचारते, "जेवत का नाहीस? कुणी काही बोललं का?" कुणीच काही बोलत नाही, तेच तर झालंय. कॉलेज सोडलं तेव्हाही इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर
तिच्या आईचा मामाला फोन. रविवारी मुलाकडचे पक्कं करायला येणार. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत जादा दिवे हवेत. मामा खूश. केबल कोण ओढणार? मी! तिला दुसऱ्याच्या घरी धाडायची वाट मीच उजळायची!
"आणि मुलीच्या खोलीत एक दिवा डोळ्यांवर येतो, तेवढा बघा."

१४ नोव्हेंबर
दिवेलागणीला मामा आणि मी तिच्या खोलीत. मामाने पडदा सारला.
काचेत नुसता पांढरा झोत — आणि माझंच थोबाड. बंधारा नाही, समुद्र नाही, माणूस तर नाहीच.
"गाढवा, आतून बघितलं होतंस ना?"
ती दारात होती. माझ्याकडे न बघता मामाला म्हणाली, "काका, मला वाटलं बाबांनीच मुद्दाम बसवून घेतलाय. रोज डोळे फोडून बघितलं. बंधाऱ्यावर कुणी आलंय का तेच कळेना."
"बंधाऱ्यावर कोण येणार आहे तुझं?" — तिची आई.
मी! मी येत होतो! आणि मध्ये उजेडाची भिंतही मीच उभी केली!
धावत खाली गेलो. दिवा उपटला, हात पोळला. तसाच बंधाऱ्यावर. आता खिडकी काळीकुट्ट. ती आहे की नाही, काही दिसेना. मोबाइलची बॅटरी स्वतःच्याच तोंडावर मारून उभा राहिलो. फिरायला आलेले लोक वळून बघत होते. बघोत!

१५ नोव्हेंबर
मामाने फोन आदळला. "रविवारचे दिवे रद्द! पोरगी नाही म्हणून हटून बसलीय. एवढी केबल आणून ठेवली, ती काय आता गळ्यात घालू? — आणि तुला रे दात काढायला काय झालं?"