कोपऱ्यातला गोल

३ जानेवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण काहीच नाही. पत्र टेबलावर होतं, पेन शेजारी होतं, आणि मी समोर बसलेली होते.

आधी वरचा कोपरा बघ. रिकामा आहे. तेरा महिने रिकामाच आहे, तेव्हा आता तो कायमचा रिकामा झाला असं समजायला हरकत नाही. पाळी गेली. आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल काढायला सुरुवात केली, ती त्या दिवसांत तिच्या बोलण्याचं कुणी वाईट वाटून घेऊ नये म्हणून. तू वसतिगृहात असताना मी तुला एकदा पत्रातून झाड झाड झाडलं आणि तू आठवडाभर रडलीस, तेव्हा तोच गोल आपण पत्राच्या कोपऱ्यात आणला. गोल असेल तर मजकूर मनावर घ्यायचा नाही. पस्तीस वर्षं आपण दोघींनी हे पाळलं. आता माझ्याकडून गोल येणार नाही, म्हणजे मी लिहीन ते सगळं तुला मनावर घ्यावं लागणार. म्हणून जपून लिहिते आहे.

लाँड्रीत ठीक चाललंय. हॉटेलांच्या चादरी येतात, मी दिव्याच्या टेबलावर पसरते, डाग दिसला की कडेला निळा दोरा बांधते, म्हणजे धुणाऱ्या मुलींना तो हाताने काढायचा हे कळतं. चहाचा, गंजाचा, रक्ताचा, सगळे डाग मला लांबून ओळखू येतात. कान मात्र त्या मशीनांनी खाल्ले ते खाल्लेच. फोनवर तुझं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण वाटते, म्हणून हे पत्रांचं खटलं चालू ठेवायला लागतंय.

लेकीला बढती मिळाली. तिने फोनवर ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी ते माझ्यासाठी वहीत लिहून दाखवलं. मी छान म्हटलं आणि भांडी घासायला गेले. दोन-तीन पातेली झाल्यावर लक्षात आलं, की आनंद व्हायला हवा होता. वाट बघितली. झाला नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. कळावे. लोभ कमी पडत असेल तर कळव, इथे पडून आहे.

तुझी,
ताई

१४ जानेवारी                ○

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा गोल अजून येतो, पण त्याला वार राहिलेला नाही आणि तारीखही. वाटेल तेव्हा उगवतो, कधी दोन महिने दडी मारतो. मला अजून पन्नाशीला दोन वर्षं आहेत आणि आतापासूनच हे नखरे. परवा वाचनालयात सहावीचा वर्ग शांतपणे वाचत बसला होता, आणि मला आतून अशी काही वाफ आली की मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी. मुलं कुडकुडताहेत आणि त्यांची ग्रंथपालबाई हातातल्या मोठ्या अ‍ॅटलासने वारा घेते आहे. मुख्याध्यापिकाबाई येऊन काही जळलं का म्हणून विचारून गेल्या. मीच जळते आहे, हे काही सांगितलं नाही.

पण तुझं ते आनंदाचं मी सोडून दिलेलं नाही. गोल नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे मनावर घेतलं, चांगलं तीनदा वाचलं. ताई, तू लहानपणापासून हसताना खिदळणारी नसलीस तरी लेकीच्या बातमीला कोरडी राहणारी नाहीस. कुणाला तरी दाखव. नुसत्या घामाच्याच तक्रारी असतात असं नाही, मनाचंही होतं म्हणे या वयात, आणि त्यावर उपाय असतात. दाखवलंस की मला लिही. टाळाटाळ केलीस तर मी भावोजींना वहीत लिहायला सांगेन, तेही मोठ्या अक्षरात.

कळावे. लोभ आहे तो वाढवायचा की तसाच ठेवायचा हे तूच ठरव.

तुझी,
टकळी

२० फेब्रुवारी                ○

चि. टकळीस,
अ. उ. आ.

गोल बघून दचकलीस ना? मीही दचकायला हवं होतं. चौदा महिन्यांनी पाळी परत आली. जुना डबा शोधून त्यातली ती पेन्सिल काढली. गोल काढताना हाताला ओळखीचं वाटलं, एवढंच.

तू दाखव म्हणालीस, ते राहिलंच. आता गोल आलाय म्हणजे गाडी आपली आपण रुळावर आली असेल, असं धरून चालले आहे. मात्र या वेळी लांबलंय. बारा दिवस झाले, थोडं थोडं चालूच आहे. कंबर भरून येते. लाँड्रीतून घरी आले की बूट न काढता खुर्चीत बसते आणि समोरच्या भिंतीकडे बघते. हे वहीत लिहितात, चहा करू का. मी मान हलवते. चहा येतो, मी तो पिते, कप विसळते. सगळं होतं. कोण करतंय ते मला कळत नाही.

तुला जमत असेल तर चार दिवस ये. काम काही नाही. उगाच.

कळावे.

तुझी,
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, तू तर तरुण झालीस! पत्र उघडलं, कोपरा बघितला आणि मी वाचनालयात एकटीच मोठ्याने हसले. इथे माझा गोल निवृत्तीचा अर्ज देऊन बसलाय आणि तुझा परत कामावर रुजू झाला. भावोजींना सांग, आता जपून राहा, त्यांची बायको पुन्हा पंचविशीत चालली आहे.

नियम म्हणजे नियम, म्हणून तुझा मजकूर अजिबात मनावर घेतलेला नाही. ते भिंतीकडे बघणं, कोण करतंय कळत नाही, ये, उगाच, सगळं गोलाच्या खात्यात टाकलं. गोलात मी तरी काय कमी बोलते? गेल्या वर्षी गोल काढून मी तुला लिहिलं होतं की नोकरी सोडून शेळ्या पाळणार आहे. सोडली का? पाळल्या का? आणि इथे पुस्तकांची वार्षिक पडताळणी सुरू झाली आहे, दोनशे पुस्तकं गायब आहेत, त्यामुळे मला एक दिवसही हलता येणार नाही. सुट्टी लागली की बघू.

गरम पाण्याची पिशवी कमरेला लाव. कळावे. लोभ दोन्ही हातांनी पाठवते आहे.

तुझी,
टकळी

२४ मार्च                ○

चि. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आली नाहीस ते बरं केलंस, इथे येऊन तू कंटाळली असतीस.

लाँड्रीत हॉटेलाने एक चादर परत पाठवली. मधोमध डाग, पार दारातूनही दिसावा असा. माझ्या टेबलावरून दोरा न बांधता गेली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या मुकादमबाई चादर घेऊन आल्या, पण ओरडल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे काळजीने बघत राहिल्या. ते मला आवडलं नाही. की आवडलं, ते आठवत नाही.

अजून थांबलेलं नाही. मध्ये चार दिवस गेलं होतं, मग परत आलं.

कळावे.

ताई

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. कोपऱ्यात गोल नाही. ओळन् ओळ मनावर घे.

आज मी माझ्या अंगातल्या वाफांसाठी डॉक्टरबाईंकडे गेले होते. त्या घरातल्या बायकांचं विचारत होत्या, आईची पाळी कधी गेली, बहिणीची कधी गेली. मी तुझी गंमत सांगितली. सांगितली म्हणजे अगदी रंगवून सांगितली, की माझी ताई चौदा महिन्यांनी परत तरुण झाली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की ताईंना कुणी तपासलं आहे का.

ताई, एक वर्ष पूर्ण पाळी आली नाही की त्यानंतर जे येतं ती पाळी नसते. थेंबभर आलं तरी नसते. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं असं त्या म्हणाल्या, आणि हे मी तुझं समाधान करायला लिहीत नाही, त्यांनी खरंच सांगितलं. पण तपासल्याशिवाय साधं आहे असं धरायचं नाही, आणि जवळजवळ दोन महिने तर नाहीच नाही. पोटाची सोनोग्राफी करतात आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून बघतात. बधिर वाटतंय तेही सांग, लाजू नकोस, त्याचंही औषध असतं असं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी येऊन मी भावोजींना फोन केला. ते म्हणाले, लाँड्रीत गेली आहे, बरी आहे. मला त्यांना कशाला फोन केला ते सांगता येईना. जीभच उचलली नाही. टकळीची जीभ, ताई. उन्हाळा फार आहे ना, असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

मग तुझी दोन्ही पत्रं काढून वाचली, या वेळी कोपरा अंगठ्याने झाकून. तू ये म्हणाली होतीस. जन्मात पहिल्यांदा तू मला ये म्हणालीस, आणि मी पुस्तकं मोजत बसले. मला माझी शरम वाटते.

उद्याच जा. जाऊन आलीस की दोन ओळी टाक. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर मी निघते.

टकळी

६ एप्रिल (पोस्टकार्ड)

चि. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मुकादमबाई सोबत आल्या. सोनोग्राफी झाली, तुकडाही काढला. दुखलं. निकालाला पंधरा दिवस लागतील. तू येऊ नकोस, तुझी दोनशे पुस्तकं आधी शोध. मी ठीक आहे.

ताई

२६ एप्रिल

चि. टकळीस,
अ. उ. आ.

काल निकाल आला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. सुरुवातीचा आहे, बाहेर कुठे गेलेला दिसत नाही, पिशवी काढली की बहुधा पुढे काही करावं लागणार नाही असं डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं. नक्की काय ते पिशवी तपासल्यावर कळेल. ऑपरेशन नऊ मेला आहे. आणखी वर्षभर असंच चालू दिलं असतं तर काय, असं मी विचारलं. त्यांनी पेन घेतलं आणि ऑपरेशनच्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या.

तू स्वतःला बोल लावत बसली असशील, म्हणून एक गोष्ट सांगते, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. मला माहीत होतं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चादरींवरचं रक्त बघते आहे. कुठलं पाळीचं, कुठलं जखमेचं, कुठलं कालचं, ते माझ्या डोळ्याला न विचारता कळतं. पहिल्याच दिवशी माझा स्वतःचा कपडा हातात घेतला, तेव्हा तो रंग पाळीचा नाही हे डोळ्याला दिसलं होतं. दिसलं, आणि मला काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाची चादर असती तर मी दोरा बांधला असता. मी कपडा थंड पाण्यात टाकला आणि गोल काढायला बसले. सोपं होतं. गोल काढला की तूही विचारणार नाहीस, हे मला माहीत होतं.

तेव्हा चूक वाटून घ्यायची असेल तर निम्मी निम्मी घेऊ.

डॉक्टरांना बधिर वाटण्याचंही सांगितलं. त्यांनी ते इतर गोष्टींसारखंच लिहून घेतलं, जणू कंबरदुखीच आहे. बरं वाटलं. ऑपरेशननंतर त्याच्या औषधाचं बघणार आहेत.

ह्यांनी काल वहीत दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी केली. टॉवेल, चप्पल, चष्मा, वही, आणि सगळ्यात शेवटी टॉर्च. टॉर्च कशाला असं विचारलं, तर माहीत नाही असं लिहिलं. त्यावर मी हसले. हसता हसता रडू आलं, आणि ते थांबेना. हे घाबरून पाणी आणायला धावले. किती महिन्यांनी काहीतरी झालं मला, टकळे. चांगलं नव्हतं, पण झालं.

आज सकाळी परत सगळं गप्प आहे. हात लिहितोय आणि मी बघते आहे. म्हणून हे गप्पपण परत पूर्ण पसरायच्या आत लिहून टाकते.

आपला गोल आता बंद. माझ्याकडून तर आता कधीच येणार नाही, आणि तूही काढू नकोस. चिडलीस तर चिडलीस असं लिही. कोपरा बघ, रिकामा आहे. आता पुढचं वाच.

मला भीती वाटते. ये.

लोभ असतोच. या वेळी तो घेऊन ये.

तुझी,
ताई