मागे नेलेली तारीख

आर्णी,
रविवार, संकष्टी चतुर्थी

प्रिय ऋचास,
अनेक आशीर्वाद.

विमलताई दुपारच्या गाडीनं लेकीकडे नागपूरला निघाल्या आहेत. त्यांच्या पिशवीत तुरीच्या डाळीखाली हे पाकीट ठेवते आहे. आजच तुझ्या हातात द्या, असं त्यांना दोनदा सांगितलं. फोन काहून नाही केला म्हणशील. फोन बैठकीत असतो आणि तुझे बाबा दोन दिवसांपासून बैठकीतून हलत नाहीत. शिवाय बोलायला गेले तर माझ्याच्यानं बोलवणार नाही. लिहिलं की अक्षर कागदावर राहतं. कागद पाठकोरे आहेत, दुकानातलेच, वाया गेलेल्या बिलांचे. मागची बाजू नंतर बघ. आधी पत्र वाच.

पहिलं काम हे की, वटपौर्णिमेला आली होतीस तेव्हा तू मला तीन सॉफ्टवेअरची नावं लिहून दिली होतीस. ती चिठ्ठी मी गॅसच्या पुस्तकात ठेवली होती, आता मिळत नाही. त्यातलं दुसरं नाव मला परत पाहिजे. तुला आठवत असेल, जूनमध्ये बाजारात दुसरा विषयच नव्हता. जीएसटी लागणार, हातानं फाडलेलं बिल चालणार नाही, कम्प्युटर घ्या. बाबांनी घेतला. एवढा मोठा चकचकीत डबा कृषी केंद्राच्या गल्ल्याशेजारी आला, मी त्याला हळदकुंकू लावलं, आणि बाबांनी जाहीर केलं की हे काम कुंदा पाहील, मॅट्रिकला गणितात शहाऐंशी होते तिला. तू हसलीस. मी पण हसले.

मग तू मला समजावून सांगितलंस. पहिलं सॉफ्टवेअर फुकट, पण इंटरनेटवर चालणारं. आपल्या इथे वारं सुटलं की नेट जातं, मग गिऱ्हाईक बाकड्यावर बसवून ठेवायचं काय? तिसरं विकतचं. दुसरं मात्र कम्प्युटरच्या पोटातच बसणारं. नेट असो नसो, आपलं लिहिलेलं आपल्याच घरात राहतं, आणि कायमचं फुकट, कारण जगभरच्या लोकांनी मिळून सगळ्यांसाठी केलेलं. त्याखाली तू दोनदा रेघ ओढली होतीस. ते उघडून दाखवलंस तेव्हा नुसतं कोरं पान निघालं. रकाने आपणच आखायचे, बिलाचा नमुना एकदा आपणच बसवायचा. सगळं मराठीत करून देते म्हणालीस, पण तुझी गाडी सुटायची वेळ झाली होती. खरं सांगू का, मला तेव्हा शंका आली होती. कायमचं फुकट, आणि त्या बदल्यात कोणी काहीच मागत नाही, म्हणजे यात काहीतरी गोम असणार. मी आयुष्यभर भाजीवालीशी आठ आण्यांवरून घासाघीस केली. मला फुकट देणाऱ्याची भीती वाटते.

तू गेल्यावर बसस्टँडजवळचा अभिषेक आला, ज्याच्याकडून कम्प्युटर घेतला तोच. त्यानं त्याच्याजवळचं बिलाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते उघडलं की आधी गणपती दिसायचा. लाल, ठसठशीत, आपल्या कळंबच्या चिंतामणीसारखाच. सगळे रकाने तयार, खतं वेगळी, बियाणं वेगळं, औषधं वेगळी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तीस दिवस वापरून पाहा, मग विकत घ्या. मी त्या गणपतीला पाहून हो म्हटलं. तीस दिवस सरले. सॉफ्टवेअर उघडेना. अभिषेकला फोन केला तर तो म्हणाला, काकू, पैसे कायले घालता, उजव्या कोपऱ्यात खाली तारीख आहे नं, ती नेऊन पहिल्या दिवसावर ठेवा. मी ठेवली. गणपती परत दिसला. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं, ऋचा. वाटलं, पोरगी इंजिनियर आहे, पण संसार कसा करायचा ते मला कळतं.

आता कागद उलटून पाहा. बिल सप्टेंबरातलं आहे. तारीख काय छापली आहे ते बघ.

एक जुलैला सुरू केलं होतं. तीस दिवस झाले की मी परत एक जुलैवर जायची. असं तीनदा केलं. आमच्या कम्प्युटरात ऑगस्ट आलाच नाही, सप्टेंबर आला नाही, दसरा आला नाही. आज बाहेर आश्विनातली संकष्टी आहे आणि त्या डब्यात जुलैची दहा तारीख आहे. घरात एखादी तिथी चुकली तर दोन दिवस रुखरुखणारी बाई मी, आणि दुकानात बसून तारखा मागे नेत होते. हे मी लपवून ठेवलं असंही नाही. ते पाप आहे असं मला वाटलंच नाही, एवढंच. गिऱ्हाईक बिल घडी करून खिशात टाकतं. बाबा सही करतात, वाचत नाहीत. टॅक्सचे कागद पाहणारे वकीलसाहेब म्हणाले होते की दिवाळीनंतर सगळं एकदम पाहू.

एकाच माणसानं वाचलं होतं. तांड्यावरचा बाबूसिंग. तुला आठवतो ना, तू लहान असताना तुला गाडीवरच्या कापसाच्या ढिगावर बसवायचा तो. तुझ्या आजोबांची तिथी होती त्या दिवशी, पितृपक्षातली द्वितीया, सात सप्टेंबर. मी वड्यांचं पीठ अर्धं टाकून दुकानात आले होते, हाताला उडदाचं पीठ तसंच होतं. यंदा कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे, वर बोंडअळी, सगळे फवारण्यांच्या मागे लागलेले. बाबूसिंग आणि त्याची कोकिळा दोघं आली. दोन बाटल्या घेतल्या. त्यानं बिल डोळ्यांजवळ नेलं आणि हसला. म्हणाला, काकू, तुमच्या दुकानात अजून आखाडच चालू हाये काय? मी म्हटलं, मशीन म्हातारं आहे रे, माझ्यासारखं. तिघंही हसलो.

तो चौथ्या दिवशी शेतातच पडला. कपाशी एवढी उंच की फवारा तोंडावरच येतो. त्याला आधी इथे दाखवलं, मग यवतमाळला नेलं. जिवंत आहे, पण श्वास लागतो, आणि कोकिळा म्हणते की समोर उभं राहिलं तरी कोण उभं आहे ते त्याला उमगत नाही. त्याच्यासारखे या हंगामात किती जण दवाखान्यात पडून आहेत ते तू पेपरात वाचलंच असशील. मी सकाळी पेपर आला की आधी उलटा ठेवते.

परवा शुक्रवारी कोकिळा दुकानात आली. बाबा दारव्ह्याला गेले होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते बिल पदरातून काढलं आणि गल्ल्यावर सरळ करून ठेवलं. मदतीच्या कागदांसाठी ती एका कार्यालयात गेली होती. तिथे तिला सांगितलं की हे बिल नऊ जुलैचं आहे, तुझा माणूस आजारी पडला सप्टेंबरात, हे औषध त्या फवारणीचं नाही, दुसऱ्या कोणाकडून काही आणलं असेल तर खरं सांग. आणि नऊ जुलै म्हणजे गुरुपौर्णिमा, ऋचा. त्या दिवशी आपलं दुकान बंद होतं. म्हणजे त्या कागदाप्रमाणे मी बंद दुकानात बसून औषध विकलं. ती मला म्हणाली, "बाई, मी तं तुमच्या हातातून बाटल्या घेतल्या. मंग हा कागद खोटं काहून बोलते?" मी तिला पाणी दिलं. काय करता येईल ते पाहते म्हटलं. एवढंच बोलले मी. ती बिल उचलून पाणी न पिता गेली.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. येत्या गुरुवारी शेती खात्याचं पथक येणार आहे, आर्णीतली सगळी कृषी केंद्रं तपासणार. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, कोणाला, सगळं बिलासकट. आपलं औषध चोख होतं, मुदतीतलं होतं, पण तारीख खोटी निघाली तर औषधही खोटंच होतं असं कोण नाही म्हणणार? बाबा म्हणाले, "कुंदे, लायसन गेलं तं या वयात मी कोठी जाऊ?" एकोणतीस वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तेव्हापासून रस्त्यावर जीप थांबली की पोळी तव्यावर करपते. कालपासून तीन करपल्या.

काल अभिषेक आला. त्याच्याकडे उपाय आहे. तो मंगळवारी संध्याकाळी येऊन सगळ्या बिलांच्या तारखा आतून सरळ करून देणार आहे, ओळीनं, जशा हव्या तशा. फक्त बाबूसिंगचं बिल तो काढून टाकतो म्हणाला. ते बाहेर फिरून राह्यलं, त्यावर जुलै छापलेला आहे, आत सप्टेंबर दाखवला तर आपण सापडतो. नाहीच ठेवलं तर ते बिल आपलंच नाही असं म्हणता येतं. एक बिल उडालं तर कोणाला कळते, काकू, असं तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला. बाबांनी मान हलवली. तुझे बाबा, ज्यांनी गिऱ्हाईक विसरून गेलेली छत्री दोन वर्षं जपून ठेवली होती. मी त्यांना दोष देत नाही. ते भ्याले आहेत, आणि त्यांना भीती घालणारी मीच आहे.

रात्रंदिवस मला एकच दिसतं, तो उजवा कोपरा. बोटानं एक टिचकी मारली की महिना मागे जातो, इतकं ते सोपं आहे. या घरात मी इतकं सोपं दुसरं काहीच केलेलं नाही. देवघरात बसले तरी मन लागत नाही. आज संकष्टीला कळंबला जाण्याचा नेम होता, दर वर्षी आश्विनात एकदा जातेच. यंदा नाही गेले. तो गणपती पाहून मी हे सगळं सुरू केलं, आता त्या पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभं राहायची भीती वाटली.

पण बाबांना सांगताना मात्र मी देवळात जाते असंच सांगितलं. सकाळी आठ वाजता निघाले आणि ऑटो करून तांड्यावर गेले. कोकिळा अंगणात डाळ निवडत बसली होती. तिला मी एक कागद दिला. त्यावर माझ्या हातानं लिहिलं आहे की बिल नंबर तीनशे एकेचाळीस हे सात सप्टेंबरला केलेलं आहे, कम्प्युटरातली तारीख मी स्वतः मागे नेली होती, दुकानाच्या मालकाला हे ठाऊक नव्हतं. खाली पूर्ण नावानं सही केली. तिनं तो कागद कोणाकडून तरी वाचून घेतला, मग माझ्याकडे पाहिलं आणि घडी करून पदरात ठेवला. बाबांना हे अजून माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. तू मंगळवारी सकाळच्या गाडीनं ये. त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपली सगळी बिलं जशीच्या तशी बाहेर काढून ठेव, चुकीच्या तारखांसकट. नंबर तरी खरे आहेत, ते मला मागे नेता आले नाहीत. शेजारी एक रकाना आख, त्यात खरी तारीख मी आठवून आठवून सांगीन, आणि जिथे आठवणार नाही तिथे रिकामं ठेवू. हे सगळं अभिषेक यायच्या आत व्हायला पाहिजे. पण त्यासाठीच बोलावते आहे असं समजू नकोस, ते तू फोनवरूनही शिकवलं असतंस. मला बाबांना सांगायचं आहे, आणि ते सांगताना तू शेजारी बसलेली पाहिजेस. मी एकटी सांगायला बसले आणि त्यांनी परत त्या आवाजात विचारलं, तर मी उठून तांड्यावर जाईन आणि कोकिळेकडून तो कागद परत मागीन. इतकी मी भ्यालेली आहे. मला तो मागू देऊ नकोस.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आई