सगळे सारखे

मी, खाली सही करणारा, धंदा शिवणकाम, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. स्वभावाचा दाखला कोणी देणार नाही, मीही मागितलेला नाही.

१. दुकान आणि वरची राहती खोली पुतणीला. माझ्या बायकोच्या आजारपणात तिने सगळं केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, यात हक्क सांगू नये. तो त्या दिवसांत येऊन फक्त खोलीची लांबी-रुंदी बघून गेला.

२. शिवणाचं मशीन आणि मोठी कातर माझ्या कारागिराला. त्या कातरीने कागद कापू नये.

३. आमच्या चर्चच्या पाळकांना काहीही नाही. हा माणूस माझा लहानपणापासूनचा मित्र, मला 'गड्या' म्हणायचा. दीक्षेच्या वेळचा त्याचा पहिला झगा मी शिवला. तो घालून आरशात बघत म्हणाला, "छान बसलाय, बंधू." मला वाटलं, थट्टा करतोय. तेव्हापासून मी बंधूच. मंडळीत सगळेच बंधू. आणि भावाभावांत पुढे काय होतं, ते आपल्या भाषेने 'भाऊबंदकी' म्हणून आधीच सांगून ठेवलं आहे.

बायको शेवटी शेवटी म्हणाली, "भावजींना बोलवा. प्रार्थना नको म्हणावं, नुसतं येऊन बसा." भावजी म्हणजे हाच, माझा भाऊ नव्हे. मी गेलो. तो म्हणाला, "तुमच्या गल्लीची घरभेटीची पाळी शुक्रवारी आहे. आधी आलो तर बाकीचे काय म्हणतील? मला सगळे सारखे." ती गुरुवारी गेली. दफनाच्या वेळी त्याने देव कसा कोणाला डावं-उजवं करत नाही यावर सुरेख उपदेश केला. लोक रडले. मला त्याच्या तोंडात कबरेची माती कोंबावीशी वाटली.

प्रभू आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडला, हे हाच आम्हाला वेदीवरून सांगतो. त्या आठवड्यात त्या गावात दुसरं कोणी मेलंच नसेल का? पण प्रभूने गल्लीवार पाळ्या लावल्या नव्हत्या. त्याला एक माणूस जवळचा होता आणि त्याने ते लपवलं नाही. सगळ्यांवर सारखं प्रेम करायला काय लागतं? कोणाच्याच घरी वेळेवर जावं लागत नाही.

४. मला पुरताना उपदेश नको. शवपेटीवर फुलंही नकोत, मला शिंका येतात.

५. कलम तीनमधलं कारण खरंच आहे, पण आणखी एक आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. आणि साक्षीदाराला माझ्यासमोर बसून सही करावी लागते. मला तो एकदा या खोलीत बसलेला हवा होता, म्हणून त्याला काही ठेवलं नाही. पुतणी निरोप घेऊन गेली. उत्तर आलं, "एकाच्या मृत्युपत्रावर सही केली, तर उद्या सगळ्यांच्या कराव्या लागतील." खाली त्याचं नाव खोडलं आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली. दिनांक: आजचा, सोमवार, पाळकांचा सुट्टीचा दिवस.

सही: शिंपी

साक्षीदार पहिला: औषधांच्या दुकानाचे मालक.

साक्षीदार दुसरा: समोरचा इस्त्रीवाला. आमच्या धर्माचा नाही. हाक मारताच वर आला. सही करून झाली, तरी अजून बसला आहे.