भैय्याजींचं सवलत कार्ड

कुंदे, शाळेतून आलीस की जेवून घे. वरण-भात जाळीच्या कपाटात आहे. मी आपली जुनी फटफटी घेऊन बर्डीच्या बाजारात, गाड्यांच्या शोरूमचं सवलत कार्ड काढायला गेलो आहे. कार्ड फायद्याचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी का गेलो, ते कळायला जेवता जेवता एक चित्र डोळ्यांपुढे आण.

एक आजोबा होते. दर रविवारी सकाळी ते नातीला गणित शिकवत. मग शेजारच्या भैय्याजींनी ते कार्ड घेतलं. वर्षाला वीस रुपये भरायचे, सुट्या भागांवर रुपयामागे दहा पैसे सूट, आणि दर रविवारी गाडी फुकट धुऊन मिळायची. नात त्यांच्या गाडीवर मागं बसून धुलाई बघायला जाऊ लागली. आजोबा मनातून अस्से जळले!

गेल्या रविवारी त्यांनी भैय्याजींसमोरच तिला हे गणित घातलं. नातीनं विचारलं, "काका, सालभरात पार्ट कितीचे घेता?"

"शंभराचे."

"मंग सूट दहाची अन् भरता वीस! कार्ड काहून घेतलं?"

"अवं, धुलाई फुकट हाये ना!"

"घरी बादली नाही का तुमच्याकडे?"

भैय्याजींनी गाडी बाहेर काढली. आजोबांची छाती फुगली. आता ही आपल्याजवळच बसणार, असं त्यांना वाटलं.

नातीनं पाटी आजोबांच्या हातात दिली, फ्रॉक सावरला आणि भैय्याजींच्या गाडीवर मागं चढून बसली.

— आजोबा