कुणाच्या दारापुढे

७ डिसेंबर, रविवार

सकाळी बर्डीवर, शेषरावकडे. सव्वादोन किलो. कोरियावरचं एक, व्हिएतनामवरची दोन, इराकवरचं एक, पुठ्ठा सुटलेलं. जुनी इंग्रजी पुस्तकं तो हल्ली वजनावरच देतो. "सर, लढाई जड राहते. प्रेमाची पुस्तकं हलकी." दर वेळी म्हणतो. दर वेळी मी हसतो.

एका पुस्तकावर अमेरिकेतल्या लष्करी तळाच्या वाचनालयाचा शिक्का. त्यावर आडवा दुसरा शिक्का, रद्द केल्याचा. तिथून निघालं, कुठल्या तरी बंदरात उतरलं, नागपुरात तराजूत पडलं.

दुपारी मुलाचा, अ.चा फोन. रविवारचा ठरलेला. मंदा: "जेवला का?" तो: "जेवलो." वाळवंटातल्या तळावर आहे. देश सांगत नाही. मी विचारत नाही.

संध्याकाळी पुस्तकं पुसली, कपाटात लावली. मंदाने पाहिलं.

९ डिसेंबर

समोरचे वांढरे फाटकाशी उभे. "सर, अनिकेतच्या कंपनीत आमच्या पिंट्याचं काही जमते का पाहा ना." कॉलनीत आम्ही सांगितलं आहे: मुलगा लॉजिस्टिक्समध्ये. खोटं नाही. रसद तुकडीत आहे. कंपनीचं नाव तेवढं सांगितलेलं नाही. "विचारतो," म्हणालो.

लग्न मोडलं, ग्रीन कार्ड राहिलं, नोकरी गेली. मग तिकडच्या, अमेरिकेच्या सैन्यात भरती. आम्हाला कळवलं तेव्हा सही झाली होती.

मंदा सैन्य हा शब्द वापरत नाही. "तिकडे" म्हणते. एकदाच म्हणाली, "तुमच्या पुस्तकांनी नेलं त्याला." तीस वर्षांत त्याने त्यातलं एकही उघडलं नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला काही तरी कारण हवं आहे, आणि कपाट समोरच आहे.

११ डिसेंबर

मौद्याहून कुसुम आली, मंदाची बहीण. आल्या आल्या, "काहून वं मंदा, एवढी वाळली?" जेवणानंतर दोघींचं आतल्या खोलीत बराच वेळ. मग मलाही बोलावलं.

कुसुमचं म्हणणं: आपल्या माणसासाठी एक आवडती गोष्ट सोडायची. तो उंबरठ्यात पाय ठेवेपर्यंत. "दुधी नको सोडू बाप्पा. दुधी कोणीबी सोडते. जीव जाईल असं सोडावं लागते."

मंदाने चहा सोडला.

"अन् भाऊजी?" दोघींनी कपाटाकडे पाहिलं.

मी इंग्रजीचा प्राध्यापक होतो. या प्रकाराला काय काय शब्द आहेत ते मला माहीत आहे. "बरं," म्हणालो. "नवीन आणणार नाही."

"अन् जुनी?" कुसुम.

"जुनी राहू दे," मंदा म्हणाली. "एकदम काढलं तर भाऊजी तुझे खाटेवर पडतील."

१४ डिसेंबर, रविवार

अ.चा फोन. मंदाने आज विचारलं, "तू ट्रकवर जातो काय रे?" तो: "नाही गं आई. मी गोदामात. डबे मोजतो." ती खूश. नंतर मला: "डबे मोजते तो. तुमच्या पुस्तकांत डबे मोजणारे असतात काय?"

असतात म्हणालो. त्यांच्याबद्दल फारसं लिहीत नाहीत.

१७ डिसेंबर

मंदाचं डोकं दुखणं थांबेना. धंतोलीत डॉक्टर. बाहेर बाकावर यवतमाळ, वर्धा, गोंदिया. डबे, सतरंज्या, एक्स-रेचे मोठे लिफाफे. डॉक्टरने सगळं तपासलं. मग: "काकू, चहा एकदम बंद केला का? अर्धा कप घेत जा. डोकं दुखायचं राहील."

बाहेर येऊन मंदा: "शिकलेल्या माणसाला काही कळत नाही."

तिला रिक्षात बसवून मी कोपऱ्यावर चहा घेतला.

१८ डिसेंबर

शेषरावचा फोन. "सर, माल आला. मुंबईहून पोती. तुमचं तुमचं वेगळं काढून ठेवून राहिलो." नको म्हणालो. तो: "तब्येत बरी आहे ना जी सर?"

२१ डिसेंबर, रविवार

फोन नाही.

मंदा चारपर्यंत फोन मांडीवर घेऊन. मग भाजी निवडायला घेतली. फोन मेथीच्या जुडीशेजारी.

२२ डिसेंबर

काल पाठवलेल्या संदेशाला एकच टिक. मंदा म्हणाली, नेटवर्क. मी म्हणालो, हो, वाळवंट आहे.

नेटवर्क नाही. निदान तेवढंच नाही. हे मला माहीत आहे आणि तिला नाही. तुकडीत कुणी गेलं की तळावरचे सगळे फोन, सगळं इंटरनेट बंद करतात. घरच्यांना आधी कळवतात. मित्राच्या फोनवरून त्यांना कळू नये म्हणून. घरी सांगून झालं की पुन्हा सुरू. अलीकडच्या लढायांवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे आहे. कुठे अर्ध्या ओळीत, कुठे पानभर.

म्हणजे कुणी तरी गेलं आहे. कोण ते

बातम्यांत काही नाही.

२३ डिसेंबर

दिवसभर कपाटापुढे. व्हिएतनामच्या सुरुवातीला तार यायची. टॅक्सीवाला आणून द्यायचा. नंतर माणसं. गाडी घरापुढे थांबते. गणवेशातले दोघे उतरतात. बाई खिडकीतून बघते आणि दार उघडत नाही. किंवा उघडते. शब्द ठरलेले आहेत, त्यांनी ते पाठ केलेले असतात. असे प्रसंग किती पुस्तकांत वाचले. पूर्वी वर्गात यातले उतारे वाचून दाखवायचो. भाषेचा संयम बघा, म्हणायचो.

सगळी घरं तिकडची. हिरवळ, टपालाची पेटी, कुत्रा.

आई-बाप नागपुरात असले तर कोण येतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. अ.ने जवळचे नातलग म्हणून आमची नावं दिली आहेत. पत्ता इथला. हे त्यानेच एकदा सांगितलं होतं, सहज. पुढचं मी विचारलं नाही.

मंदा: "काय शोधून राहिले एवढं?"

"काही नाही. धूळ झाली."

२५ डिसेंबर

बर्डीवर गेलो. शेषरावने काही विचारलं नाही, गठ्ठा पुढे सरकवला. त्यातलं तिसरंच हवं होतं तसं: घरी निरोप घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यांवरचं. पाठीमागे नियमावलीचे उतारे. तराजूत टाकायला लागला तेव्हा म्हणालो, एकच.

"एकच? सर, एकाचं काय वजन करू मी? घेऊन जा तसंच."

पैसे दिलेच. पिशवीत खाली पुस्तक, वर पेरू.

२६ डिसेंबर

मंदाने पेरू काढले आणि पुस्तकही.

मला वाटलं रडेल, किंवा फेकेल. तिने ते टेबलावर ठेवलं. पेरू धुतले. मग हात पुसत समोर बसली.

"तुम्ही सोडलेलं मोडलं म्हणजे काही तरी आहे. वाचून दाखवा. मराठीत."

वाचू लागलो. इंग्रजी डोळ्यांनी, मराठी तोंडाने. प्रस्तावना. प्रशिक्षण. बूट कसे हवेत. दार किती वेळा वाजवायचं. फोन बंद होतात तो परिच्छेद आला. मी पुढच्यावर गेलो.

"थांबा. इथलं खाल्लं तुम्ही."

"नाही."

"डोळे खाली गेले अन् तोंड बंद. पस्तीस वर्षं पाहून राहिली तुम्हाले. वाचा."

वाचलं.

तिने पुस्तक आपल्याकडे ओढलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही असं नाही. हळू येतं. बोट ठेवून त्या परिच्छेदातला एक एक शब्द तिने पाहिला, मी बरोबर सांगितलं का हे तपासावं तसा.

"रविवारपासून माहीत होतं तुम्हाले?"

"सोमवारी लक्षात आलं."

"अन् नेटवर्क म्हटलं."

"तू म्हटलंस."

"तुम्ही हो म्हटलं."

नंतर: "आपल्याकडे कोण येईल?" शोधलं. पाठीमागे एक ओळ सापडली. परदेशातल्या कुटुंबांसाठी परिस्थितीनुसार व्यवस्था करावी.

"म्हणजे कोण?"

"लिहिलेलं नाही."

"एवढं जाड पुस्तक," ती म्हणाली.

२७ डिसेंबर

मंदाने सकाळी अंगण धुतलं. बाहेरच्या खोलीतले कपडे उचलले. ठेवणीतली नाही पण बरी साडी नेसली. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. मीही बसलो. वांढरे समोरून: "पाहुणे येऊन राहिले काय?" मंदा: "पाहू."

अकराच्या सुमारास पांढरी गाडी थांबली. दोघे उतरले. सारखे निळे शर्ट, छातीवर नावाच्या पट्ट्या, हातात फाइल. फाटकावरचा नंबर वाचला. माझं नाव विचारलं.

मंदा उठली, तिने फाटक उघडलं. "या. आत या."

"काकू, आम्ही फक्त..."

"आधी बसा. पाणी घ्या."

एक जण म्हणाला घाई आहे. ती म्हणाली, उन्हातून आले, असं दारात बोलतात काय. दोघे सोफ्यावर टेकले. पाणी दिलं. चहा ठेवला. त्यांना वाटत असावं, या घरात काही तरी झालं आहे. कप दिले, बिस्किटं दिली. मग समोर बसली, हात मांडीत.

"सांगा आता."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "काकू, पाइपच्या गॅसचं. मीटर समोरून बसवायचं का मागून?"

मंदाने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राहिला हा?"

"गॅस," मी म्हणालो.

"गॅस." थोड्या वेळाने, "मागून बसवा. समोर तुळस आहे."

त्यांनी माझी सही घेतली. गेले. तिने कप विसळले. "चांगले होते पोरं," म्हणाली. दुपारी जेवलो. वांग्याची भाजी. चव आठवत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

फोन आला. नेहमीच्या वेळी. मंदाने घेतला, स्पीकरवर टाकला.

"हॅलो आई..."

"कोण गेलं?"

तिकडे पंख्यासारखा आवाज.

"आई, तुला कोणी सांगितलं?"

"मी विचारून राहिली ते सांग. आई आहे त्याची?"

"आहे."

"तिच्याकडे गेले होते?"

"जाऊन आले असतील. म्हणूनच फोन सुरू झाले."

"बरं," मंदा म्हणाली. एवढंच. मग, "तू झोपतो का नीट?" झोपतो म्हणाला. तिने फोन माझ्या हातात दिला आणि मागे अंगणात गेली. दाराची कडी वाजली.

तो हळू बोलू लागला. मी स्पीकर बंद केला. "बाबा, तो ट्रकवर होता. येत्या शुक्रवारपासून त्याच्या जागी मी. आईला नका सांगू."

"डबे कोण मोजणार?" असं मी विचारलं. का ते माहीत नाही.

"दुसरा आलाय."

आणखी काही बोलायला हवं होतं. ताफ्यात कुठल्या नंबरच्या गाडीत, रस्ता कुठला, आधी सुरुंग शोधणारे पुढे जातात का. सगळे प्रश्न मला येतात. एकही विचारला नाही. जप म्हणालो.

मंदा आत आली. "शेवटी काय म्हणाला?"

"काळजी करू नका म्हणाला."

ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती.

३० डिसेंबर

कुसुमचा फोन. पोरगा बरा आहे हे ऐकून: "पाहा, लागलं ना कामी!" मंदा म्हणाली, "त्या दुसऱ्याच्या आईनं काय सोडलं होतं कोणास ठाऊक." कुसुमने विषय बदलला. नंतर मंदाने चहा टाकला आणि प्यायली. पूर्ण कप. मला म्हणाली, "तुम्हीबी आणा तुमची पुस्तकं." मी गेलो नाही.

१ जानेवारी, गुरुवार

उद्या शुक्रवार. मंदाला सांगितलेलं नाही.

सकाळी मंदा ते पुस्तक घेऊन आली. "ते दोघं दारात उभं राहून जे बोलतात ते कुठं आहे?" पान काढून दिलं. "हे मले पाठ करून द्या. इंग्रजीतच."

"कशाला?"

"कोणी आलं तर तुम्ही मधात उभे राहाल. मराठी करून सांगाल. काही सांगाल, काही खाल. मले त्यांच्याच तोंडून समजलं पाहिजे."

मी नाही म्हणू शकलो असतो.

कागदावर देवनागरीत लिहून दिलं. ती म्हणू लागली. मी उच्चार सुधारले. सवय आहे. एक शब्द तिला जमेना, तीन तुकडे करून दिला. बाहेर वांढरे कुणाला तरी नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, न थांबता, मधली गाळलेली जागा ओलांडून.

मग विचारलं, यात पोराचं नाव कुठं येते.

मी बोट ठेवून दाखवलं.