आईची मिसरीची डबी

मंगळवार, दिवेलागण झाल्यावर

आज डॉक्टरांनी पुन्हा बजावलं. आईच्या अंगावरून एकदा वारं गेलंय. दुसरा झटका येऊ द्यायचा नसेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, मीठ कमी आणि तंबाखू पूर्ण बंद. आई शेजारी बसून मान डोलावत होती. घरी आलो आणि तिनं उशीखालून डबी काढून मिसरी लावायला सुरुवात केली.

"आई, आत्ताच तंबाखू बंद म्हणाले ना?"

"म्या कुठं तंबाखू खाते? दात घासते."

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला मी काय सांगायचं? गावी लासूरला चुलीवर तीच तर भाजायची. रागावू तरी कसा? बोलताना तोंडाची डावी बाजू अजून जराशी ओढली जाते. आणि एवढीशी ती डबी, पण सगळ्या जन्माची सोबत. मला वाटलं, डॉक्टरांचं नाही तर निदान देवाचं ऐकेल. म्हटलं, "देवापुढं ठेव डबी आणि सोडून दे. काशीला जाऊन माणसं आवडीची वस्तू सोडतात तसं."

"डॉक्टरला नको ते देवाला देतूस व्हय रं? उष्टी डबी?"

दोघंही हसलो. मग बराच वेळ ती डबी मुठीत धरून बसली. शेवटी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "कचऱ्यात टाक. पण सकाळी माझ्यापाशी बस. तवाच लई आठवण येती तिची."

उद्या सकाळची पूजा थोडी उशिरा करीन. देव काही रागावणार नाही.